चहावर साय धरली

"पण सर, यात हरकत काय आहे?"

शैलेश बोरगावे चपला काढता काढताच विचारत होता. पुण्यातला नावाजलेला हृदयरोगतज्ज्ञ, पण मिरजेला, आम्हा दोघांना कॉलेजात शिकवलेल्या नाडगौडा सरांकडे आला की पायऱ्या दोन-दोन चढायचा. आज तर तीन!

रक्तदाबावर कुठलं औषध द्यायचं, याचे नियम राज्यभरच्या डॉक्टरांसाठी लिहिणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष. संध्याकाळी मसुद्यावर शेवटचं मत द्यायचं होतं. प्रस्तावनेखाली सरांची सही हवी होती.

सरांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "मसुद्यात जी नवी गोळी सुचवली आहेस, ती करणारी कंपनीच तुला परदेशी भाषणांना नेते ना?"

"नेते!" आत येऊन बसत शैलेशने आता उत्तर दिलं. "लपवलंय कुठं? मसुद्याच्या शेवटच्या पानावर छापलंय सगळं. आणि सर, गोळी खरंच चांगली आहे हो!"

"कुणाला द्यायची?"

"साठीपुढच्या सगळ्यांना. दाब जरासा वर असला तरी."

काकू चहा घेऊन आल्या. सरांनी त्यांच्याकडे बोट केलं. "हिलाही?"

"काकूंना तर आजपासून!"

काकूंनी कप जरा जोरातच ठेवला.

"चाचणी कशी केली होती?"

झालं! गड्याला हेच हवं होतं. तो खुर्चीतून उठलाच.

"इतकी कडक चाचणी मी जन्मात पाहिली नाही, सर! खरी गोळी आणि नुसत्या पिठाची गोळी, दिसायला सारख्याच. कुणाला कुठली, ते रोग्याला ठाऊक नाही. डॉक्टरलाही नाही. चिठ्ठ्या पाकिटात बंद!"

"वा!" सरांनी मांडीवर थाप मारली. "पण डॉक्टरपासून का लपवायचं?"

"कळलं की नजर कलते ना. दाबाचा काटा दोन घरं खालीच दिसायला लागतो."

"लबाड डॉक्टरला."

"छे! प्रामाणिकातल्या प्रामाणिकालाही. त्याचं त्यालासुद्धा कळत नाही!"

"आणि चुकून कळलंच एखाद्याला, तर?"

"बाहेर! त्याने दाब मोजायचाच नाही."

"त्याने तसं लिहून दिलं तर? मला कळलंय म्हणून... शेवटच्या पानावर?"

"लिहून देऊन काय होतंय, सर? कळलं ते कळ..."

शैलेशचा हात मसुद्याच्या शेवटच्या पानावर गेला.

...

चहावर साय धरली. मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो, तो खाली ठेवला. एवढा हुशार माझा वर्गमित्र, पण स्वतःच्याच वाक्यात अडकलेला त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो. खरं सांगतो, मला मजाही वाटली आणि वाईटही वाटलं.

"पण सर..." त्याचा आवाज खाली आला होता. "या गोळीबद्दल माझ्याइतकं त्या समितीत कुणालाच माहीत नाही."

हे मात्र खरं होतं. वाटलं, आता सर अडले.

सर उठले. शैलेशची रिकामी खुर्ची त्यांनी स्वतः उचलली, दाराबाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि हाताने झटकली.

"सगळं तुलाच माहीत आहे ना?" ते हसत म्हणाले. "मग ये. इथं बस. आतले विचारतील ते सगळं सांग, मत मात्र त्यांना देऊ दे."