हरवलेल्या शेळ्यांची वाट

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात विहिरींतला गाळ काढणारा एक गडी राहत असे. अंगाने धिप्पाड, कामाला वाघ. कमरेला दोर बांधून तो कितीही खोल विहिरीत बेधडक उतरे. दोराचं दुसरं टोक धाकटा भाऊ वर धरून बसे. खालून दोन हिसके आले की ओढायचं, हा त्यांचा संकेत. आजोबांपासून चालत आलेला एक नियमही होता. खालचा माणूस गुदमरला, तर घरच्यांनी मायेपोटी त्याच्यामागे उडी घ्यायची नाही. जाणत्या गड्याला बोलवायचं.

एका वर्षी या गड्याचं मन अंधारलं. का, ते त्यालाही सांगता येईना. घास घशाखाली उतरेना, झोप लागेना, लेकीने गळ्यात हात टाकले तरी आत काही हलेना. आईने दृष्ट काढली. बायकोने पुरणपोळ्या केल्या. शेजारी म्हणाले, "एवढा धडधाकट तू! मनावर घेऊ नको, झालं."

मनावर घ्यायला मन ठिकाणावर होतं कुठे?

ओढ्यापलीकडच्या गावात मनाची दुखणी बरी करणारी एक वैद्यीण होती. पण तिच्याकडे जाणारा वेडा, असं गावाने ठरवूनच टाकलं होतं. म्हणून ज्यांना जायचंच असे ते तोंडावर पदर नाहीतर मुंडासं ओढून, करवंदीच्या जाळ्यांतल्या आडवाटेने जात. वाटेत कोणी भेटलंच तर म्हणत, "शेळी हरवलीय, शोधतोय." गावात शेळ्या मोजक्याच, पण हरवत मात्र रोज. समोर कोणी दिसलं की पुष्कळजण अर्ध्यातून माघारी फिरत आणि घरी येऊन दुखणं तसंच सोसत.

बायको हळूच म्हणाली, "अहो, वैद्यीणबाईंकडं जाऊन येऊ या का?"

"मला काय वेड लागलंय? होईल आपोआप बरं."

आपोआप काही बरं झालं नाही.

उन्हाळ्यात पाटलांची विहीर उपसायला तो उतरला. तळाशी टेकला आणि तिथेच बसून राहिला. वरून भावाची हाक आली, "दादा, बरा हायेस ना?" वर यावं असं त्याला वाटतच नव्हतं. भाऊ हाका मारत राहिला. तेवढ्यात भाकरी घेऊन आलेल्या बायकोचा रडवेला आवाज आला, "मी उतरते खाली!"

"वहिनी, थांबा!" भाऊ ओरडला. "नियम हाय आपला. मायेनं उडी माराल, तर दोघंबी जाल!"

तो खाली ऐकत होता. एकाएकी त्याच्या ध्यानात आलं, की या माणसांनी कधीच उड्या मारल्या आहेत. आईने जेवण टाकलं होतं. बायकोची झोप गेली होती. भाऊ हातची कामं सोडून त्याच्याभोवती घुटमळत होता. सगळे त्याच्यापायी तळाशी आले होते, आणि बाहेर काढायचं कसब त्यांच्यातल्या कोणालाच नव्हतं. त्याला रडू फुटलं. कित्येक महिन्यांनी फुटलं.

दोर कमरेलाच होता. त्याने दोन हिसके दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भावाबरोबर निघाला. पाय आधी आडवाटेकडे वळले, मग थबकले. तो माघारी फिरला आणि सरळ पारावरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागला. पारावर म्हातारे पाटील चार माणसांत बसले होते.

"काय रं, कुठं निघालास? शेळी हरवली का काय?"

माणसं हसली. भावाने मान खाली घातली. गड्याचे कान तापले, पण तो उभा राहिला.

"न्हाई पाटील. शेळी गोठ्यात हाय. माझं मन आजारी हाय. वैद्यीणबाईंकडं चाललोय."

हसू जागच्या जागी विरलं. पाटील काठी टेकत उठले आणि वहाणा पायांत सरकवल्या.

"जरा थांब," ते म्हणाले. "मीबी येतो. माझी शेळी लई वर्सं सापडंना झालीय."

वैद्यीणबाईंकडे काही जादू नव्हती. ती औषध देई, चार प्रश्न विचारी आणि ऐकून घेई. गड्याला लेकीचं हसू पुन्हा गोड लागायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला. आडवाट मात्र त्याच्या आधीच करवंदींनी बुजून गेली होती.

तात्पर्य: वर दोर कितीही घट्ट धरलेला असो, हिसका खालच्यानेच द्यायचा असतो. मनाचं दुखणं नुसतं मायेवर सोपवू नये, जाणत्याकडे न्यावं, आणि तेही राजरोस वाटेने.