भिवरा सुईण आणि राजाची आज्ञा

एक होता राजा. त्याला उभ्या जन्मात कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं. का, तर त्याच्या राज्यात एक विचित्र गोष्ट घडायची. राजासमोर कुणी उलट बोलायला तोंड उघडलं, की ते माणूस पायापासून दगड होत जायचं. लोक म्हणायचे, राजाचा रागच तसला. म्हणून सगळे आपले माना खाली घालून 'होय महाराज, होय महाराज' करायचे.

एकदा काय झालं, केतकी राणीला कळा सुरू झाल्या. सकाळ गेली, दुपार झाली, तरी बाळ काही येईना. मग राजाचा शिपाई घाटाखालच्या गावात आला आणि भिवरा सुईणीला घोड्यावर बसवून घेऊन गेला.

भिवरा बाळंतिणीच्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. कोपऱ्यात ठकूमावशी उभी होती. ठकूमावशी म्हणजे थोरली सुईण, बरं का. भिवराला हे काम हाताला धरून तिनंच शिकवलं होतं. सकाळी तिला बोलावून आणलं होतं. आता ती गळ्यापर्यंत दगड झाली होती. डोळे आणि ओठ, तेवढेच हलत होते.

भिवरा तिच्याकडे धावणार होती. पण राणी कण्हत होती. मग तिनं हात धुतले, हाताला तेल चोळलं, राणीचं पोट चाचपलं. बाळ आडवं होतं. हळूहळू फिरवून ते सरळ करायला हवं होतं. घाईचं काम नव्हतं ते.

तेवढ्यात राजा आला. मागोमाग पंचांग घेऊन जोशी.

"सूर्य मावळायच्या आत जन्मलं तर बाळ पृथ्वीचं राज्य करील," राजा म्हणाला. "पोट दाब आणि बाहेर काढ."

भिवराला ठाऊक होतं, दाबलं तर बाळही जाईल आणि राणीही. ती म्हणाली, "महाराज, ते बाळ... म्हणजे मला आपलं वाटत होतं..."

राजानं नुसतं पाहिलं. तिनं पुढचं गिळलं. "तुम्ही म्हणाल तसं," ती पुटपुटली. राजा निघून गेला. मग भिवरा पाऊल उचलायला गेली, तर ते उचलेना. पायांची बोटं दगडाची झाली होती.

तरी तिनं पोट दाबलं नाही. उभ्या जागेवरून ती बाळाला जरा जरा सरकवत राहिली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढायला लागलं. मग राजा पुन्हा आला.

"अजून का नाही?"

"महाराज, बाळ आडवं आहे," भिवरा म्हणाली. आणि काय सांगू, तिच्या पायांच्या बोटांत ऊब आली. पण राजानं कपाळाला आठ्या घातल्या. "मग?"

"मग... नाही, म्हणजे होईल. बघते मी, जमेल तसं."

झालं. गारवा सरसर चढला. गुडघे गेले, मांड्या गेल्या, कंबरेपर्यंत दगड. हात तेवढे मोकळे राहिले. राजा दार आपटून गेला.

कोपऱ्यातून ठकूमावशी कुजबुजली, "भिवरे, मीही अर्धंच बोलले गं."

भिवरा विचारात पडली. एक वाक्य पुरं बोलले तेव्हा ऊब आली. जिथं शब्द गिळला, तिथं दगड चढला. म्हणजे हे राजाच्या रागानं होत नाही.

राणीनं तिचं मनगट धरलं. "बाई, खरं सांग. मी वाचेन?"

"वेळ मिळाला तर दोघं वाचाल."

"मग हेच त्यांना सांग."

ऐकताय ना? सूर्य डोंगराला टेकला. राजा तिसऱ्यांदा आला तो तलवार उपसूनच. भिवराचा आवाज थरथरत होता. पण ती ओरडली नाही, रडलीही नाही. राजाकडे बघून म्हणाली, "महाराज, मी पोट दाबणार नाही. दाबलं तर राणीसाहेब आणि बाळ दोघं जातील. मला दिवेलागणीपर्यंत वेळ हवा, कढत पाणी हवं, आणि तुम्ही आता बाहेर जायला हवं."

एवढं बोलून ती थांबली. 'चुकलं असेल तर माफ करा' असंसुद्धा पुढं जोडलं नाही.

"काय म्हणालीस?" राजानं तलवार वर केली.

भिवरानं तेच शब्द, त्याच आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा सांगितले. शेवटचा शब्द संपला आणि तिच्या अंगावरचा दगड भिंतीच्या पोपड्यांसारखा गळून पडला.

मग ठकूमावशी बोलली, "ती खरं सांगते, महाराज. दाबू नका. सकाळी मला हेच सांगायचं होतं." तिचाही दगड खळखळ पडला.

"मलाही हेच हवंय," राणी पलंगावरून म्हणाली. "जा तुम्ही."

मग राजाचा हात खाली आला. "ती वाचेल ना?" त्यानं हळूच विचारलं. तेव्हा भिवराला कळलं, हाही घाबरलाय.

"मी सगळं करते. पण वचन देत नाही," ती म्हणाली.

राजा बाहेर गेला. कढत पाण्याचा हंडा त्यानं स्वतः आणून उंबऱ्याशी ठेवला. सूर्य बुडाला. जोशीबुवा पंचांग गुंडाळून घरी गेले. आत चार हातांनी मिळून बाळ इंचाइंचानं फिरवलं. आणि दिवेलागणीला मुलगी झाली. राणी वाचली, बरं का.

राजानं लेक हातात घेतली, तशी तिनं टाहो फोडला. राजा गांगरला. म्हणाला, "हिला गप्प करा कुणीतरी."

"नाही महाराज," भिवरा म्हणाली. "पोटभर रडू द्या तिला."

मग राजा लेकीला घेऊन खोलीभर येरझाऱ्या घालत राहिला. ती मनासारखं रडली, आणि मगच झोपली. पुढं सगळी सुखानं नांदली. आता तुम्हीही सरका बघू, पाय पांघरुणात घ्या आणि मिटा डोळे.