हैबतीमामाची तपासणी

कुरणवाडीच्या शाळेत एक भोळा शिपाई होता. नाव हैबती. मुलं त्याला हैबतीमामा म्हणत. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. अडचण तीच होती.

त्याच शाळेत निकाळजे बाई होत्या. फोनवर येणाऱ्या खोट्या बातम्या कशा पकडायच्या, हे त्या सातवीच्या मुलांना संगणकावर शिकवत. संगणक एक, मुलं एकतीस. संगणकाची वायर सैल होती, म्हणून ती धरून हैबती तासभर मागे उभा राही. उभ्या उभ्या तोही शिकला.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "आलेला निरोप तपासल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही."

हैबतीनं मान डोलावली. त्याला पटलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक चौगुले सर म्हणाले, "हैबती, सगळ्या वर्गांत सांग, आज दुपारनंतर सुट्टी."

हैबती व्हरांड्यात जाऊन बसला. सर घरी गेले. मुलं संध्याकाळपर्यंत पाढे म्हणत राहिली. अंधार पडायला लागला तेव्हा मुलांच्या आया कंदील घेऊन शाळेत आल्या.

बाईंनी विचारलं, "मामा, निरोप का नाही दिलात?"

"तपासला नव्हता, बाई."

"अहो, मग तपासायचा! आणखी दोन ठिकाणी विचारायचं. दोन्हीकडे तेच सांगितलं तर खरं."

हैबतीनं मान डोलावली. हेही पटलं.

दोन दिवसांनी शाळेत खिचडी शिजत होती. ती शिजवणारी हौसाक्का पाणी आणायला आडावर गेली होती. तिथून ती ओरडली, "हैबती, खिचडी करपतीया, पातेलं उतरव!"

हैबतीनं सायकल काढली. तो शेजारच्या गावच्या शाळेत गेला. "तुमच्यात खिचडी करपली का?"

"नाही बा."

मग त्याच्या पुढच्या गावात गेला. "तुमच्यात?"

"आमच्यात आज उसळ आहे."

हैबती घामाघूम होऊन परत आला. पातेल्यात कोळसा झाला होता. हौसाक्का डोक्याला हात लावून बसली होती.

"अक्का, घाबरू नकोस," हैबती म्हणाला. "दोन ठिकाणी विचारून आलो. बातमी खोटी आहे."

त्या दिवशी मुलांनी चुरमुरे खाल्ले. बाईंनी हैबतीला समोर बसवलं. "मामा, जवळची गोष्ट आपल्या डोळ्यांनी बघायची. लांबून आलेलं काही असेल, तर त्याचा फोटो संगणकावर टाकायचा. तो आधी कुठे येऊन गेलाय ते कळतं. जुनं काही आजचं म्हणून खपवत असतील, तर समजायचं, फसवणूक."

हैबतीनं मान डोलावली. हे तर फारच पटलं.

पुढच्या सोमवारी तालुक्याहून गंधे साहेब यायचे होते. बाईंचा वर्ग बघून पसंत पडला, तर ते शाळेला दहा संगणक देणार होते. मात्र मंजुरीचा कागद त्याच दिवशी पाचच्या आत कचेरीत पोचायला हवा होता. बाईंना रात्रभर झोप नव्हती.

साहेब एसटीनं आले. स्वभावानं गरीब माणूस. फाटकाशी येऊन म्हणाले, "नमस्कार. मी गंधे."

"लांबून आलात?"

"हो, तालुक्याहून."

हैबतीनं त्यांचा फोटो काढला, फाटकाला कुलूप घातलं आणि आत जाऊन फोटो संगणकावर टाकला. नऊ वर्षांपूर्वीचा एक फोटो निघाला. कुठल्याशा गावात साहेब झाड लावत होते.

हैबती तसाच फाटकाशी आला. "तुम्ही जुने आहात. आजचे म्हणून खपवताय."

"अहो, पण मीच तो!"

"तेच म्हणतोय मी."

साहेब तासभर उन्हात उभे राहिले. शेवटी सातवीच्या मुलांनी खिडकीतून बघितलं. त्यांनी कचेरीच्या संकेतस्थळावर साहेबांचं नाव शोधलं, तिथल्या क्रमांकावर फोन लावला, साहेबांचं ओळखपत्र फाटकातून मागून घेतलं आणि ताडून बघितलं. मग एक मुलगी म्हणाली, "मामा, साहेब खरे आहेत."

कुलूप निघालं. बाई माफी मागायला धावत आल्या. पण साहेब खूश! "मुलांनी मला कसं पडताळलं बघा! याहून वेगळा वर्ग काय बघायचा?" त्यांनी तिथल्या तिथे कागदावर सही केली आणि कागद पिशवीत घातला. "पाचच्या आत कचेरीत देतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब निघाले तेव्हा त्या हैबतीला म्हणाल्या, "मामा, एवढं लक्षात ठेवा. तपासून खरं निघालं, की अडवून धरायचं नाही. खुशाल पुढे पाठवायचं. जास्तीत जास्त लोकांपर्यंत जाऊ द्यायचं."

हैबतीनं मान डोलावली.

चौगुले सर म्हणाले, "हैबती, साहेबांना पोचवून ये."

पाच वाजले. सहा वाजले. कचेरीतून फोन आला, साहेब पोचले नाहीत. बाईंनी शेजारच्या गावच्या शाळेत फोन लावला. तिथला शिपाई म्हणाला, "आले होते की! हैबतीनं ट्रॅक्टरवर बसवून आणले. कोटाला चिठ्ठी होती, 'तपासलेले आहे, खरे आहे, पुढे पाठवा.' आम्ही हार घातला, जेवू घातलं आणि पाठवले."

"कुठे पाठवले?"

"पुढे."

त्याच्या पुढच्या गावानं नारळ देऊन पाठवले होते. त्याच्या पुढच्या गावानं बँड लावून. साहेब प्रत्येक ठिकाणी म्हणत होते, "अहो, मला कचेरीत जायचंय." पण समोर ताट वाढलेलं असे, आणि गरीब स्वभावाच्या माणसाला नाही म्हणवत नसे.

तिसऱ्या दिवशी कचेरीतले मोठे साहेब स्वतः शाळेत आले. "आमचे गंधे कुठे आहेत?"

हैबती हात जोडून पुढे झाला. चेहरा अभिमानानं फुलला होता.

"सत्तावीस गावांना मिळाले, साहेब. अजून चाललेत."