काचेवरची वाफ

"खिडकी बुजवली तर चालेल ना, बुवा?"

धोंडबुवा पडवीत सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"घर तू बांधलंस, खिडकी तू ठेवलीस. मला कशाला विचारतोस?"

"तुमचीच रीत आहे. आपण बांधलेलं मोडायचं तर गुरूला विचारून."

"एक तरी रीत लक्षात राहिली म्हणायची," बुवा म्हणाले.

धोंडबुवा एके काळी घरं बांधायचे. पुढे सगळं सोडून नदीकाठच्या या झोपडीत येऊन राहिले, तरी शिकणारी माणसं काही त्यांची पाठ सोडत नव्हती. त्यांची शिकवण जगावेगळी होती. कागदाला हात लावण्याआधी त्या घरात राहणारा एक माणूस मनानं रचायचा. मग अंगणात पांढऱ्या फक्कीनं खोल्या आखायच्या आणि त्याची गोष्ट सांगत सांगत त्याला घरभर फिरवायचं. तो कुठे अडखळतो, कुठे रेंगाळतो, यावरून दारं-खिडक्या ठरायच्या. गोष्ट झाली की त्याला उंबऱ्याबाहेर आणून निरोप द्यायचा आणि मगच फक्की झाडायची.

उदयन हा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. शहरात त्याचं नाव गाजत होतं आणि ते त्याच्याही कानांवर गेलं होतं. लोक त्याच्याकडे घर मागायला यायचे आणि गोष्ट ऐकून डोळे पुसत परत जायचे.

"कोणती खिडकी?"

"सबनीसांकडची. बसकी आहे, गुडघ्यापासून सुरू होते. गोष्टीत मी एक लहान मुलगी घातली होती. ती तिथे उभी राहून रस्ता बघायची."

"सबनीसांची मुलगी?"

"त्यांना मूलबाळ नाही. मला ठाऊक नव्हतं..." उदयन जरा घुटमळला. "पण गोष्ट अशी रंगली की त्यांच्या पत्नी मालिनीबाई रडल्या, आणि सबनीसांनी तिथल्या तिथे काम दिलं."

"मग आता काय बिनसलं?"

"रोज सकाळी काचेवर वाफ धरते. वाटीएवढी, गोल. पुसली तरी दुसऱ्या दिवशी हजर."

"ओल असेल."

"भिंत खडखडीत कोरडी आहे. ऐन उन्हाळ्यातही धरते."

"बाहेरून?"

"...आतून."

अडकित्ता थांबला. भर दुपार होती, झाडाचं पान हलत नव्हतं.

"केवढ्या उंचीवर? दाखव."

उदयन उभा राहिला आणि त्यानं तळहात कमरेशी धरला.

"आणि वास्तुशांत झाली तेव्हा?"

हात आपोआप खाली आला, पार मांडीपर्यंत. उदयन स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला. इतके दिवस त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, आणि आता त्याला तो हात वर उचलवेना.

"सबनीस घाबरलेत," तो घाईघाईनं म्हणाला. "विटा आणून टाकल्यात त्यांनी. उद्या गवंडी येणार. पण मालिनीबाई सकाळपासून त्या विटांवर बसून आहेत. उठत नाहीत, जेवत नाहीत. म्हणतात, आधी मला चिणा."

"तुला काय वाटतं?"

"बाईंना भ्रम झालाय. अहो, ती मुलगी म्हणजे माझी कल्पना. मी रचली, मीच पुसून टाकीन."

"गोष्ट संपवली होतीस? उंबऱ्याबाहेर आणलं होतंस तिला?"

"नाही. ती खिडकीशी उभी आहे, एवढ्यावरच थांबलो. तिथे ती शोभत होती."

"कुणाला हवी होती ती शोभा?"

बुवा उठले. आतून फक्कीचा डबा आणून त्यांनी त्याच्या हातात दिला.

"आख. तुझीच आहे ना ती? मग आज संपव."

उदयननं अंगणात घर आखलं. बैठक, स्वयंपाकघर, ती बसकी खिडकी, शेवटी उंबरा. मग तो मध्ये उभा राहून बोलू लागला. गोष्ट सांगायची म्हटली की त्याचा आवाज कसा अगदी लागायचा.

"एके दिवशी मुलगी खिडकीपासून वळली. काचेवर बोटानं एक रेघ ओढली आणि निघाली. बैठकीतून आली. चपला घातल्या. उंबऱ्याशी आली, आणि..."

"आणि?"

"आणि... ती येत नाही, बुवा."

"का?"

"तिला आतून हाक आली. ती परत गेली. पाटावर बसली. मालिनीबाई तिची वेणी घालतायत. केस कोरडे पडलेत म्हणून रागावतायत. तोंडात लाल रिबीन धरलीय..."

"हे तू रचलंस?"

"नाही," उदयन म्हणाला. "मी गप्प बसलो तरी ते चालूच आहे."

आणि तो भिंतीची रेघ तुडवत बाहेर आला. शिकत होता तेव्हासुद्धा त्यानं असं कधी केलं नव्हतं. अंगणातल्या घरातूनही दारानंच बाहेर यायचं, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही लाज वाटत होती.

"नाव काय ठेवलं होतंस तिचं?" बुवांनी हळूच विचारलं.

"नाव... नव्हतं ठेवलं. नुसती मुलगी."

"आत्ता हाक कोणत्या नावानं आली?"

"मैना," तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.

बुवांनी केरसुणी घेतली. बैठक झाडली, स्वयंपाकघर झाडलं, उंबरा झाडला. खिडकीच्या रेघेपाशी आले तेव्हा मात्र थांबले. जरा वाट पाहिली. मग मधे कुणी उभं असावं तसा वळसा घालून पलीकडचं अंगण झाडायला लागले.

"मी काय करू, बुवा? उद्या गवंडी येतोय..."

"येऊ दे की," बुवा म्हणाले. "खिडकी वरून वीतभर वाढवून घे. मुली भराभर वाढतात."