न थांबणारा डावा हात

एकदा शरयूबाई नावाच्या एक पेटीवादक बाई पन्नाशी ओलांडल्यावर पियानो शिकायला निघाल्या, आणि तोही ब्लूज. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी आपलं दुःख ज्या गाण्यात ओतलं, ते हे ब्लूज. घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण बाई हट्टाच्या पक्क्या. गावात पास्कल मास्तर नावाचे ऐंशी वर्षांचे पियानोवादक होते. तरुणपणी हॉटेलांतून ब्लूज वाजवून त्यांनी नाव कमावलं होतं. बाईंनी त्यांचे पाय धरले.

बाईही काही साध्यासुध्या नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी मोठमोठ्या गवयांना साथ केली होती. गवयाचा श्वास अडखळण्याआधी त्यांची बोटं त्याला सावरून घेत. "शरयूबाई साथीला असल्या की गवई पडत नाही," असं लोक म्हणत, आणि बाईंना त्याचा सार्थ अभिमान होता.

उजवा हात महिन्याभरात तयार झाला. घोडं अडलं ते डाव्या हातापाशी. पेटीवर त्यानं जन्मभर फक्त भाता हलवला होता, तोही गवयाच्या श्वासाबरोबर. इथं त्याला एकच ठेका अखंड चालवायचा होता, आणि तो जागोजागी थबकायचा. मास्तरांनी बाईंना चक्क उजव्या हातावर बसायला सांगितलं. दीड महिना त्या उजवा हात मांडीखाली दाबून नुसता डावा घोटत राहिल्या. एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत.

मग मास्तरांच्या पियानोवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाची तालीम सुरू झाली. मास्तर स्वतः गाणार, बाई वाजवणार. यंदा मास्तर आपला वर्ग योग्य शिष्याच्या हाती सोपवणार, हे सर्वांना ठाऊक होतं, आणि बाईंचा जीव त्यातच अडकला होता. तालमीत मास्तर एका ओळीवर रेंगाळले. बाईंनी ताबडतोब लय ओढून धरली. मास्तरांनी पियानोचं झाकण लावून टाकलं.

"काय चुकलं, मास्तर?"

"मला सांभाळलंत. पुन्हा सांभाळाल तर तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवीन."

एवढं सांगून ते उठून गेले. तीस वर्षं ज्या गुणाचं कौतुक झालं, तोच आता दोष ठरला होता! बाई घरी जाऊन ढसाढसा रडल्या. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झाल्या, ते मात्र खरं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. बाईंनी वर्षानुवर्षं ज्यांना साथ केली ते विष्णुबुवा पहिल्याच रांगेत होते. तिसऱ्या कडव्यात मास्तर मध्येच गप्प झाले. डोळे मिटलेले, ओठ बंद. म्हातारा शब्द विसरला, अशी कुजबुज उठली. चारचौघांत गुरूची अब्रू जात होती, आणि ती वाचवायची विद्या त्यांच्या हातात होती. जरासं थांबलं की झालं! पण त्यांचा डावा हात थांबला नाही. चार मात्रा गेल्या, आठ गेल्या, बारा गेल्या. आणि पुढच्या ठोक्यावर मास्तर असे नेमके उतरले की अख्खं सभागृह उभं राहिलं.

टाळ्या ओसरल्यावर मास्तरांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते श्रोत्यांना म्हणाले, "ब्लूज गाणारा दुःख सांगता सांगता घराबाहेर भटकतो. परत फिरेल तेव्हा घर जागच्या जागी असावं, एवढंच त्याला हवं असतं. घरच त्याच्यामागे धावत सुटलं, तर तो परतेल कुठं? साथीदार सांभाळून घ्यायला लागले की मला भटकायची भीती वाटे. आज या बाईंनी मला मनसोक्त भटकू दिलं. उद्यापासून वर्ग यांचा."

बाईंचे डोळे भरून आले, पण मान खाली गेली नाही.

बाहेर पडताना विष्णुबुवांनी त्यांना गाठलं. "अहो शरयूबाई, माझ्यासाठी इतक्या वेळा थांबलात, आणि प्रत्यक्ष गुरूंसाठी नाही थांबलात?"

बाई ताठ मानेनं म्हणाल्या, "नाही थांबले, बुवा. ते येणार, हे मला ठाऊक होतं."