तीन वस्तरे आणि धैर्यसेनाची दाढी

एका राज्यात धैर्यसेन नावाचा राजा होता. नाव धैर्यसेन, पण वस्तरा गळ्याशी आला की त्याच्या हातापायांना कापरं भरायचं. एके सकाळी राजन्हावी हरबाजी त्याची दाढी करत असताना गळ्यावर रक्ताचा थेंब उमटला. राजाने आकाशपाताळ एक केलं, दरबारी मांत्रिकाला बोलावलं आणि हरबाजीचा खंड्या पक्षी करून टाकला. मंत्र उलटला तो तिथेच. त्या क्षणापासून राजाची दाढी जी वाढू लागली ती थांबेचना.

दाढी पायऱ्या उतरली, अंगणभर पसरली, विहिरीतही डोकावून आली. कात्र्या मोडल्या, तलवारी बोथट झाल्या. आता ती ओठांवरून नाकाकडे सरकत होती. एकदा नाक झाकलं की राजाचा श्वास कोंडणार. मांत्रिक तर केव्हाच पसार झाला होता.

तेव्हा खंड्या राजकन्या रत्नरेखेच्या खिडकीत येऊन बसला. आपणच हरबाजी आहोत, हे त्याने सांगितलं. ही दाढी फक्त आपल्या धोपटीतल्या, म्हणजे हजामतीच्या पिशवीतल्या, तीन वस्तऱ्यांनीच उतरेल, पण ते धरायला आता आपल्याला हात नाहीत, असंही म्हणाला.

"हात माझे घ्या," रत्नरेखा म्हणाली, "पण लवकर शिकवा."

खंड्याने आधी करंगळीएवढा धाकटा वस्तरा तिला उचलायला लावला आणि भेंडीवरची लव उतरवायला सांगितली, साल न दुखावता. रत्नरेखेने इतक्या भेंड्या चिरल्या की मुदपाकखान्यात दोन्ही वेळा भेंडीचीच भाजी शिजली. पातं तिरकं धरा, दाबू नका, एवढंच खंड्या सांगत राहिला. अखेर एक भेंडी गुळगुळीत झाली आणि राजकन्या आनंदाने नाचलीच.

मग मधला वस्तरा घेऊन तिने बागेतल्या वाघाची दाढी केली. वाघाला रिठ्याचा फेस फार आवडला, तो डोळे मिटून बसला. एका हाताने कातडी ताणायची आणि दुसऱ्याने केसांच्या कलाने जायचं, हे ती तिथे शिकली.

थोरला वस्तरा तिच्याच उंचीचा होता. तो खांद्यावर टाकून ती डोंगरातल्या राक्षसाकडे गेली. दाढी कर, पण ओरखडा उठला तर तुला खाईन, असं राक्षसाने बजावलं. रत्नरेखेने पातं त्याच्या गालाला लावलं. एवढ्या मोठ्या पात्याला जोर लावावाच लागत नाही, त्याचं वजनच काम करतं, हे तिच्या हाताला उमगलं आणि वस्तरा सरसर चालू लागला! राक्षसाने तळ्यात आपले गाल पाहिले आणि तो चक्क लाजला.

ती धावतच परतली. दाढी राजाच्या नाकपुड्यांना टेकली होती. थोरल्याने तिने अंगणापासून सिंहासनापर्यंतचं रान साफ केलं, मधल्याने गाल केले, धाकट्याने नाकाखालची जागा मोकळी केली. राजाने मोठा श्वास घेतला. उरला फक्त गळा. पातं तिथे टेकताच राजाने तिचं मनगट घट्ट धरलं, आणि उतरलेली दाढी पुन्हा सळसळत उगवू लागली.

खंड्या सिंहासनाच्या हातावर येऊन बसला. "महाराज, त्या दिवशी माझा हात घसरला नव्हता. आपण मान वळवली होती."

दाढी पुन्हा ओठांशी आली. तेव्हा राजा हळूच बोलला, "मला तेव्हाच ठाऊक होतं, हरबाजी. मी घाबरलो होतो. चूक माझी होती."

त्याने मुलीचं मनगट सोडलं आणि मान वर केली. रत्नरेखेने वस्तरा गळ्यावरून अलगद फिरवला. पुन्हा उगवलेली दाढी एकदम झडली, आणि खंड्याच्या जागी निळ्या पागोट्यातला हरबाजी उभा राहिला.

रत्नरेखेला हसू आणि रडू दोन्ही आवरेना. हरबाजीने मात्र राजाच्या गळ्यावरून अंगठा फिरवून पाहिला. "राजकन्ये, डाव्या कानाखाली थोडं राहिलंय," असं म्हणून त्याने धाकटा वस्तरा स्वतःच्या हाती घेतला.

राजाने पुन्हा मान वर केली, आणि या खेपेस ती जराही हलली नाही. जशी धैर्यसेनाची मान निर्धास्त झाली, तशी ऐकणाऱ्यांचीही होवो.