नैवेद्याचं रताळं

कंदमुळं आपसांत गप्पा मारत, त्या काळची ही गोष्ट. सगुणाबाई दर महाशिवरात्रीला सगळ्यांत मोठी रताळी नैवेद्याला उकडायची आणि उरलेली किडमिडी पुढल्या लागवडीसाठी बेण्याला ठेवायची. देवाला उणं कसं द्यायचं? पण पीक वर्षागणिक बारीक होत चाललं होतं.

यंदा मान मिळाला एका गुबगुबीत तांबड्या रताळ्याला. ताटात ऐटीत बसून ते म्हणालं, "सुरणमामा, बघा माझं भाग्य!"

"भाग्य खरंच रे बाळा," कोपऱ्यातला सुरण म्हणाला. "पण किडमिड्यांच्या पोटी किडमिडीच येणार. तू शिजलास, की तुझ्यासारखं पुन्हा कोण?"

रताळ्याला मान सोडवेना आणि वंशही बुडवेना. शेवटी महादेवाचं नाव घेऊन त्याने ताटातून उडी मारली, ती थेट शेजारच्या बेण्याच्या टोपलीत.

"अगंबाई! देवालाच हे लावायला हवंय की काय?" सगुणाबाईने हात जोडले आणि त्याला तिथेच राहू दिलं. देवाने त्या दिवशी किडमिडी रताळी गोड मानून घेतली.

पुढल्या शिवरात्रीला टपोऱ्या तांबड्या रताळ्यांनी अंगण भरलं. सगुणाबाईने थोरली थोरली निवडून आधी टोपली भरली, मग ताट. हसून देवाला म्हणाली, "थांब हो जरा, आधी तुझं पुढच्या वर्षीचं बघते."